फाइल-समाप्तीची कसोटी, पास्कल भाषेतील

संगणकाला पुरविलेली आधारसामग्री संपली आहे किंवा नाही, हे कार्यक्रमाने वाचन चालू असताना तपासून पाहण्याची रीत. पास्कल या कार्यक्रमण-भाषेत ही कसोटी ‘ईओएफ’ या नावाच्या अंगभूत फलनाने घेतली जाते. फाइलमध्ये वाचावयाचे काही शिल्लक नसेल, तर या फलनाचे मूल्य ‘सत्य’ येते. एरव्ही ते ‘असत्य’ असते [⟶ संगणक]. छिद्रपत्रे, चुंबकीय फीत वा चकती यांवर आधीच नोंदून ठेवलेल्या सामग्रीच्या बाबतीत ही कसोटी निर्वेधपणे चालते. कळफलकावरून माणूस एकेक आकडा टंकित करीत असेल, तर मात्र तीच कसोटी कार्यक्रमाला अनपेक्षित ठिकाणी थांबवून ठेवते, विचारलेला प्रश्न उत्तरानंतर पडद्यावर येतो किंवा हिशेबात एक खोटी नोंद शिरते. १९७० ते १९९० या काळात पास्कलच्या निरनिराळ्या आवृत्त्यांनी या अडचणीवर जे उपाय योजले, त्यांचा इतिहास हा एकगठ्ठा पद्धतीने चालणाऱ्या संगणकाकडून माणसाशी संवाद करणाऱ्या संगणकाकडे झालेल्या स्थित्यंतराचाही इतिहास आहे.

प्रश्नाचे स्वरूप : वऱ्हाडातील कापसाच्या बाजाराचे उदाहरण या प्रश्नाच्या स्पष्टीकरणास सोयीचे आहे. येथील बाजारांच्या नियमनासाठी १८९७ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि वजनाची व नोंदीची शिस्त तेव्हापासून व्यवहाराचा भाग बनली. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्या एकामागून एक काट्यावर येत आहेत, मापारी वजन सांगतो आहे व कारकून ते वहीत मांडतो आहे, अशी कल्पना करावी. संध्याकाळी ती वही उघडणाऱ्याला शेवटची गाडी कोणती हे तत्काळ कळते. कारण त्या नोंदीखाली रेघ ओढून बेरीज मांडलेली असते. भर दुपारी काट्याजवळ बसलेल्या कारकुनाला मात्र आणखी गाडी येणार की नाही, हे ठाऊक नसते. ‘गाड्या संपल्या काय?’ असे त्याला विचारले, तर फाटकाकडे पाहत थांबल्यावाचून त्याला उत्तर देता येणार नाही. एक तर पुढची गाडी आत येईल, नाही तर फाटक बंद झाल्याचे कोणी तरी येऊन सांगेल.

ईओएफ फलन नेमका हाच प्रश्न विचारते. चकतीवरील फाइल ही संध्याकाळच्या वहीसारखी असते. तिचा शेवट आधीच ठरलेला असतो. कळफलक हा दुपारच्या फाटकासारखा असतो. त्याचा शेवट माणसाच्या मनात असतो व त्याने तो कळविल्याशिवाय यंत्राला समजत नाही. पास्कलच्या मूळ रचनेत या दोहोंत भेद केलेला नव्हता. पुढील सर्व गुंतागुंत त्यातून निर्माण झाली.

समाप्तीच्या खुणांचा पूर्वेतिहास : मजकूर संपला आहे व तो मध्येच तुटलेला नाही, हे वाचणाऱ्यास कळावे, याची गरज संगणकाहून फार जुनी आहे. मराठेशाहीतील कागदपत्रांत पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा उमटविली जाई व शेवटी मर्यादेचा शिक्का केला जाई. त्या शिक्क्यानंतर आलेला मजकूर मूळ पत्राचा नव्हे, हे त्यामुळे उघड होत असे. मोर्तब होणे म्हणजे गोष्ट पक्की होणे, हा मराठीतील वाक्प्रचार या कारभारी व्यवहारातूनच आला आहे.

मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग अकोला व बडनेरा या स्थानकांवरून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. रुळांबरोबर तारायंत्राच्या ताराही आल्या आणि कापसाचे भाव तारेने वऱ्हाडात कळू लागले. तारेच्या मजकुरात भावाचा शेवटचा आकडा गळला की नाही, हे ओळखण्यास समाप्तीची खूण आवश्यकच होती. मॉर्स संकेतात टिंब, रेघ, टिंब, रेघ, टिंब असा क्रम संदेश पुरा झाल्याचे दर्शवितो. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परंतु तारयंत्राची ही शिस्त तोवर संगणकाच्या संकेतावलीत उतरली होती.

१९६३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या व नंतर सुधारलेल्या आस्की या अमेरिकी संकेतावलीतील पहिले ३२ संकेत अक्षरांचे नसून दूरमुद्रकाच्या नियंत्रणाचे आहेत. त्यांत ३ हा संकेत ‘मजकूर समाप्त’ व ४ हा ‘प्रेषण समाप्त’ या अर्थाचा आहे. २६ हा संकेत मुळात बिघडलेल्या अक्षराच्या जागी घालावयाचे बदली-चिन्ह म्हणून ठेवलेला होता. कळफलकावरील ‘कंट्रोल’ ही कळ दाबून धरून एखादे रोमन अक्षर दाबले असता त्या अक्षराच्या वर्णमालेतील अनुक्रमांकाइतका संकेत निर्माण होतो. म्हणून कंट्रोल-सीने ३, कंट्रोल-डीने ४ व कंट्रोल-झेडने २६ हा संकेत मिळतो. फाइल-समाप्ती दर्शविण्यासाठी हे तिन्ही संकेत निरनिराळ्या प्रणालींत वापरले गेले व एका यंत्रावर शिकलेली सवय दुसऱ्या यंत्रावर निरुपयोगी ठरू लागली.

पास्कलचा उगम व एकगठ्ठा पद्धत : स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील संघीय तंत्रविद्या संस्थेत निक्लाउस व्हिर्ट (१९३४–२०२४) यांनी पास्कल भाषेची रचना केली. तिला फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्काल (१६२३–६२) यांचे नाव देण्यात आले. तिचा पहिला भाषांतरक १९७० मध्ये चालू झाला व १९७१ मध्ये भाषेचे वर्णन प्रसिद्ध झाले. कॅथलीन जेन्सन व व्हिर्ट यांनी मिळून लिहिलेली वापर-पुस्तिका १९७४ मध्ये निघाली आणि ती दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. शिस्तबद्ध कार्यक्रमण शिकविण्यास योग्य भाषा निर्माण करणे, हा व्हिर्ट यांचा एक प्रमुख हेतू होता.

हे काम कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन या कंपनीच्या सीडीसी ६००० या श्रेणीतील संगणकावर झाले. याच कंपनीचा, परंतु निराळ्या श्रेणीचा, सीडीसी ३६०० हा संगणक १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बसविण्यात आला होता. त्या काळच्या अशा मोठ्या संगणकांवर प्रामुख्याने एकगठ्ठा पद्धतीने काम चाले. कार्यक्रम व त्याला लागणारी सामग्री छिद्रपत्रांवर उतरवून पत्रांचा गठ्ठा केंद्राच्या स्वाधीन करावयाचा व काही वेळाने छापील निष्कर्ष घ्यावयाचा, अशी रीत होती. कार्यक्रम चालत असताना तो लिहिणारा माणूस यंत्राजवळ नसे. गठ्ठ्याच्या अखेरीस खुणेचे पत्र लावले जाई. सीडीसी ६००० वर पहिल्या स्तंभात ६, ७, ८ व ९ या चारही ओळींत छिद्रे असलेले पत्र म्हणजे कामाचा शेवट असे. सामग्री कितीही लांब असली, तरी वाचन सुरू होण्यापूर्वीच तिचा शेवट गठ्ठ्यात हजर असे.

या परिस्थितीला अनुसरून व्हिर्ट यांनी फाइलची कल्पना आखली. प्रत्येक फाइलला एक ‘खिडकी’ असते व तिच्यातून त्या क्षणी एकच घटक दिसतो. ‘रीसेट’ ही आज्ञा फाइल आरंभापासून उघडते व पहिला घटक ताबडतोब खिडकीत आणते. ‘गेट’ ही आज्ञा खिडकी एका घटकाने पुढे सरकविते. ‘रीड’ म्हणजे खिडकीत दिसणारा घटक उचलणे व मग खिडकी पुढे सरकविणे. खिडकी सरकविताना पुढे काहीच सापडले नाही, तर ईओएफचे मूल्य सत्य होते. या रचनेत कार्यक्रम नेहमी एक पाऊल पुढचे पाहत असतो. त्यामुळे ‘जोवर समाप्ती झालेली नाही, तोवर वाच व बेरीज कर’ हे अत्यंत सुबक आवर्तन लिहिता येते. फाइल पूर्णपणे रिकामी असली, तरी त्यात चूक होत नाही. कारण पहिल्या वाचनापूर्वीच कसोटी घेतली जाते.

कळफलकाशी गाठ : १९७० नंतरच्या दशकात एकाच संगणकाला अनेक टंकयंत्रे किंवा पडदे जोडून अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत पसरली व पास्कल अशा यंत्रांवर नेण्यात आली. तेव्हा मूळ रचनेतील गृहीत उघडे पडले. प्रमाण आदान-फाइल ‘इनपुट’ ही कार्यक्रमाच्या आरंभीच आपोआप रीसेट होत असे. याचा अर्थ कार्यक्रमाची पहिली आज्ञा अमलात येण्यापूर्वीच यंत्र कळफलकावरून एक अक्षर मागे. कार्यक्रमाने ‘गाडीचे वजन किती?’ असे विचारावयाचे असे. पण वापरणाऱ्याने काही टंकित केल्यावाचून तो प्रश्न पडद्यावर येतच नसे. कोरा पडदा पाहून माणूस यंत्राची वाट पाही व यंत्र माणसाची.

पहिला अडथळा ओलांडल्यावरही तिढा सुटत नसे. ‘रीडएलएन’ ही आज्ञा चालू ओळ संपवून खिडकी पुढच्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर नेते. कळफलकाच्या बाबतीत पुढची ओळ अजून अस्तित्वातच नसते. परिणामी पहिल्या गाडीचे वजन दिल्यावर त्याची पोच मिळण्याऐवजी यंत्र दुसऱ्या गाडीच्या वजनाची मागणी करीत स्तब्ध राही. प्रश्न आणि उत्तरे यांत कायम एका ओळीचे अंतर पडे. भाषेच्या व्याख्येनुसार यात काहीही चूक नव्हती. आपला कार्यक्रम बिघडला आहे असे मानून शिकणारा त्यात दोष शोधीत बसे; वस्तुतः दोष त्याच्या कार्यक्रमात नसून भाषेच्या गृहीतात असे.

यूसीएसडी पास्कल : सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात केनेथ बोल्स यांच्या मार्गदर्शनाखाली लघुसंगणक व सूक्ष्मसंगणक यांसाठी पास्कलची एक आवृत्ती १९७० नंतरच्या दशकात तयार झाली. अ‍ॅपल कंपनीने १९७९ मध्ये आपल्या संगणकासाठी काढलेली पास्कल हिच्यावरच आधारलेली होती. या आवृत्तीत ‘इंटरअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे संवादी असा फाइलचा स्वतंत्र प्रकार करण्यात आला. संवादी फाइल रीसेट केली असता खिडकी रिकामीच राहते आणि रीड या क्रियेचा क्रम उलटा होतो : आधी खिडकी पुढे सरकविली जाते व मग तिच्यातील अक्षर उचलले जाते. यामुळे प्रश्न वेळेवर छापला जाऊ लागला.

या उपायाची किंमत निराळी होती. कळफलकावर कंट्रोल-सी दाबल्यानंतरही ईओएफचे मूल्य लगेच बदलत नसे; पुढील वाचनाचा प्रयत्न झाल्यावरच ते सत्य होई. म्हणजे चकतीच्या फाइलसाठी कसोटी वाचनापूर्वी व कळफलकासाठी वाचनानंतर घ्यावी लागे. एकच कार्यक्रम दोन्हीकडे बिनबदल चालविणे अवघड झाले व नजर एक पाऊल पुढे ठेवण्याची मूळ सुबकता संवादी फाइलपुरती लोप पावली.

विलंबित वाचन : दुसऱ्या उपायात भाषेची व्याख्या तशीच ठेवून अंमलबजावणी बदलण्यात आली. रीसेट किंवा गेट या आज्ञा मिळताच अक्षर प्रत्यक्ष न आणता ‘आणावयाचे आहे’ एवढीच नोंद ठेवावयाची व खिडकीतील मूल्याची खरोखर गरज पडेल तेव्हाच ते मागवावयाचे, अशी ही युक्ती आहे. तिला ‘आळशी आदान’ असे नाव रूढ झाले. ब्रिटिश मानक १९८२ मध्ये व त्यावर आधारलेले पास्कलचे आंतरराष्ट्रीय मानक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. मानकात प्रत्येक क्रियेचा परिणाम सांगितलेला आहे. यंत्राकडून अक्षर नेमक्या कोणत्या क्षणी मागवावे, हे भाषांतरक तयार करणाऱ्यावर राहिले. त्यामुळे या युक्तीला वाव मिळाला.

विलंबित वाचनाने आरंभीचा कोरा पडदा व एका ओळीचे अंतर हे दोन्ही दोष नाहीसे झाले. पण ईओएफचा प्रश्न सुटला नाही. खिडकीत काही आहे काय, हे सांगण्यासाठी खिडकीत पाहावेच लागते. म्हणून ‘जोवर समाप्ती नाही, तोवर प्रश्न विचार व वजन वाच’ असे आवर्तन लिहिले असता कसोटीच्या जागीच कार्यक्रम थांबतो व प्रश्न छापला जाण्यापूर्वी उत्तराची अपेक्षा करतो. हा अंमलबजावणीतील ढिसाळपणा नव्हे. पुढे काय येणार हे माणसाने ठरविलेले नसताना ‘पुढे काही आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही यंत्राला देता येणार नाही. या अवस्थेत थांबणे हेच एकमेव खरे उत्तर होय.

१९८३ व टर्बो पास्कल : पास्कलच्या प्रसारात व वऱ्हाडातील उच्च शिक्षणात १९८३ हे वर्ष योगायोगाने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून चालू होते. १९८३ मध्ये बडनेरा व शेगाव येथे नवी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. पास्कलचे आंतरराष्ट्रीय मानक त्याच वर्षीचे. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील बोरलंड कंपनीने टर्बो पास्कल हा भाषांतरक सु. ५० डॉलर एवढ्या अल्प किमतीत बाजारात आणला. त्याचा गाभा डेन्मार्कचे अँडर्स हाइल्सबर्ग यांनी रचला होता. नोव्हेंबर १९८४ मध्ये भारत सरकारने नवे संगणक-धोरण जाहीर केले व वैयक्तिक संगणक हळूहळू देशातील महाविद्यालयांत दिसू लागले. अनेक भारतीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची कार्यक्रमणाशी पहिली ओळख पास्कलमधून झाली. छिद्रपत्रे न हाताळता थेट कळफलकापाशी बसलेल्या या पिढीच्या हाती एकगठ्ठा पद्धतीच्या गृहीतावर रचलेली भाषा आली.

टर्बो पास्कलमध्ये गेट ही आज्ञा व फाइलची खिडकी वगळण्यात आली. प्रश्न व उत्तर यांचा क्रम त्यात सरळ राहतो. मात्र कळफलकावर ईओएफ तपासले की तोही थांबतो. समाप्तीची खूण कंट्रोल-झेड ही आहे. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या संगणकांवर ती आधीपासून वापरात होती. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम प्रणालीत फाइलची लांबी १२८ अष्टकांच्या पूर्ण ठोकळ्यांत मोजली जात असे. अखेरच्या ठोकळ्यातील खरा मजकूर कोठे संपतो, हे दाखविण्यास मजकुरातच खूण घालावी लागे व त्यासाठी २६ हा संकेत वापरला जाई. एमएस-डॉसमध्ये फाइलची अचूक लांबी नोंदली जात असूनही ती प्रथा चालू राहिली. डॉसमध्ये कंट्रोल-झेड दाबल्यानंतर ‘एंटर’ ही कळही दाबावी लागते. कारण पूर्ण ओळ हाती आल्यावाचून प्रणाली ती कार्यक्रमाकडे सोपवीत नाही.

१९८७ मधील चौथ्या आवृत्तीत पडदा व कळफलक यांच्या नियंत्रणासाठी ‘सीआरटी’ हे उपांग आले. ते जोडलेले असता कंट्रोल-झेड ही खूण मानावी की नाही, हे ‘चेकईओएफ’ या चल-राशीवर अवलंबून राहते व तिचे आरंभीचे मूल्य असत्य असते. परिणामी पडदा पुसता यावा एवढ्यासाठी सीआरटी जोडणाऱ्याचे पूर्वी बिनचूक चालणारे आवर्तन कधीच संपेनासे होई. चेकईओएफला सत्य हे मूल्य देणारी एक ओळ हा त्यावरील उपाय. पण कारण ठाऊक नसल्यास ती ओळ सुचणे दुरापास्त होते.

खोटे शून्य : कार्यक्रम थांबून राहिला तर दोष निदान दिसतो. न दिसणारा दोष अधिक घातक असतो. समजा, पाच गाड्यांची वजने क्विंटलमध्ये ८, ९, ७, १० व ६ अशी दिली व शेवटच्या आकड्यानंतर ओळ बदलून कंट्रोल-झेड दिले. ‘समाप्ती नसेल तोवर रीड’ हे आवर्तन ६ हा आकडा वाचल्यावर पुन्हा कसोटी घेते. त्या वेळी ओळ बदलल्याची खूण वाचावयाची राहिलेली असते. म्हणून उत्तर ‘समाप्ती नाही’ असे येते व ते शब्दशः खरेच असते. नंतर रीड ही आज्ञा ती खूण ओलांडून संख्या शोधू लागते व तिला समाप्ती भेटते. प्रमाण पास्कलमध्ये ही चूक गणली जाते. टर्बो पास्कल मात्र अशा वेळी ० हे मूल्य देऊन पुढे जाते. गाड्यांची बेरीज ४० अशी बरोबर येते. परंतु गाड्या पाचऐवजी सहा मोजल्या जातात, सरासरी ८ क्विंटलऐवजी ६·६७ होते व सर्वांत कमी वजन ६ ऐवजी ० दाखविले जाते. बेरीज जुळल्यामुळे तपासणाऱ्याला संशय येत नाही. जेथे सरासरीवरून निर्णय घ्यावयाचे असतात, तेथे अशी एक काल्पनिक गाडी सगळा निष्कर्ष बिघडवू शकते.

यावर दोन उपाय आहेत. प्रत्येक ओळीवर एकच संख्या घेऊन ती रीडएलएनने वाचावी. म्हणजे ओळीची खूणही त्याच वेळी वाचली जाते. किंवा टर्बो पास्कलमधील ‘सीकईओएफ’ हे फलन वापरावे. ते मोकळ्या जागा व ओळींच्या खुणा ओलांडून मगच समाप्ती पाहते. डॉसच्या १९८३ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून कळफलकाऐवजी चकतीवरील फाइल कार्यक्रमाच्या तोंडाशी जोडता येऊ लागली. तेव्हापासून दोन्ही मार्गांनी कार्यक्रम चालवून पाहणे, हीच त्याची खरी परीक्षा ठरली.

कार्यक्रमकारांनी रूढ केलेल्या पद्धती : कळफलकावर ईओएफ वापरावयाचे असल्यास प्रश्न आवर्तनाच्या आत आरंभी न छापता एकदा आवर्तनापूर्वी व नंतर प्रत्येक फेरीच्या अखेरीस छापावा. असे केल्याने कसोटी थांबेल तेव्हा प्रश्न आधीच पडद्यावर असतो. समाप्तीसाठी कोणत्या कळा दाबावयाच्या, हेही प्रश्नाबरोबर सांगणे हितावह असते.

दुसरी पद्धत म्हणजे ईओएफ टाळून एखादे संकेत-मूल्य ठरविणे. ‘वजन ० दिल्यास काम संपले’ असे कापसाच्या बाबतीत चालेल. कारण शून्य वजनाची गाडी नसते. तीच युक्ती अकोल्याच्या दैनिक पावसाच्या नोंदींना लावल्यास पहिल्याच कोरड्या दिवशी हिशेब बंद पडेल. तेथे ऋण संख्या घ्यावी लागेल. पाऊस ऋण नसतो. तापमानासाठी तीही निरपवाद नाही. संकेत-मूल्य हे नेहमी खऱ्या नोंदींच्या कक्षेबाहेरचे असावे लागते व ती कक्षा विषयाच्या जाणकाराकडूनच समजून घ्यावी लागते. नोंदी किती आहेत हे आरंभीच विचारणे, ही तिसरी पद्धत. मात्र मोजण्याचे काम तीत यंत्राकडून माणसाकडे जाते.

अन्य भाषा व पुढील वाटचाल : बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या युनिक्स प्रणालीत कंट्रोल-डी हा संकेत कार्यक्रमाला दिलाच जात नाही. तोवर टंकित झालेला मजकूर लगेच सोपवावा, असा तो प्रणालीला आदेश असतो. ओळीच्या आरंभी तो दिल्यास सोपविण्यास काहीच नसते व शून्य अक्षरे मिळाली, यावरून कार्यक्रम समाप्ती ओळखतो. त्याच प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी तयार केलेल्या सी भाषेत आधी वाचावयाचे व मिळालेल्या मूल्यावरून समाप्ती ओळखावयाची, असा क्रम आहे. पायथॉन भाषेतही वाचनाचा प्रयत्न फसल्यावर समाप्तीचा अपवाद उद्भवतो.

खुद्द व्हिर्ट यांच्या नंतरच्या भाषांत झालेला बदल या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. मॉड्युला-२ या भाषेच्या आदान-प्रदान विभागात वाचन यशस्वी झाले काय, हे वाचनानंतर ‘डन’ या चल-राशीवरून पाहावयाचे असते. ओबेरॉन या प्रणालीत शेवटापलीकडे वाचण्याचा प्रयत्न झाल्यावरच समाप्तीची खूण सत्य होते. पुढे डोकावून मग वाचण्याऐवजी वाचून मग तपासण्याची रीत त्यांनी स्वीकारली. पास्कलमध्ये मूळ रीत राहिली व फ्री पास्कल या आजच्या भाषांतरकातही तिचे वर्तन बहुतांशी तसेच आहे. विंडोज प्रणालीवर कंट्रोल-झेड व लिनक्सवर कंट्रोल-डी ही समाप्तीची खूण होय.

शिक्षणक्रमांत पास्कलची जागा आता अन्य भाषांनी घेतली आहे. पण मूळ प्रश्न जुना झालेला नाही. संगणक-जाळ्यांतून येणाऱ्या सामग्रीलाही दुपारच्या फाटकाप्रमाणे ठरलेला शेवट नसतो. तेथे पुढचे अक्षर न येणे म्हणजे सामग्री संपली, पाठविणारा विचार करीत आहे किंवा मार्ग तुटला, यांपैकी काहीही असू शकते. म्हणून जाळ्यावरील संदेशवहनाच्या टीसीपी या नियमावलीत दुवा रीतसर बंद केल्याची व तो अकस्मात तोडल्याची अशा दोन निरनिराळ्या खुणा ठेवलेल्या आहेत. समाप्ती ही सामग्रीच्या अभावावरून अनुमानाने ठरवावयाची गोष्ट नसून पाठविणाऱ्याने स्पष्टपणे सांगावयाची गोष्ट आहे, हे तत्त्व त्यामागे आहे.